राउटरचे फर्मवेअर बदलताना घ्यावयाची खबरदारी

घरातून किंवा घराखालच्या गाळ्यातून धंदा करणाऱ्या आमच्या वाचकांची संख्या मोठी आहे. कुणी शिवणकामाच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर घेतो, कुणी रेल्वे-विमानाची तिकिटे काढून देतो, कुणी मुलांचे ऑनलाइन क्लास चालवतो, तर मालेगाव-भिवंडीकडील कुणी कापडाचा सारा हिशेब घरच्या संगणकावर ठेवतो. या सर्वांच्या घरात भिंतीवर किंवा कपाटावर एक छोटी पेटी असते. तिला दोन-चार अँटेना असतात आणि तिचे दिवे रात्रंदिवस लुकलुकत असतात. तो वाय-फाय राउटर. दुकानाचे शटर, गल्ल्याची किल्ली, उधारीची वही यांवर आपण बारकाईने लक्ष ठेवतो; पण नेटवाला ही पेटी लावून गेला की तिच्याकडे पुन्हा कुणी पाहत नाही.

या पेटीच्या आत एक प्रोग्राम असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. तो वेळोवेळी नव्याने भरावा लागतो. याबाबत आम्हाला नेहमी दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, पेटी व्यवस्थित चालत असताना तिला हात लावावाच कशाला? आणि दुसरा, हात लावल्यावर ती कायमची बंद पडली तर? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. या लेखात त्यांची उत्तरे देण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

फर्मवेअर म्हणजे काय?

राउटर हा एक लहानसा संगणकच आहे. त्यात प्रोसेसर असतो आणि वीज गेली तरी मजकूर टिकवून ठेवणारी फ्लॅश मेमरी असते. या मेमरीत भरलेला प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. आपला वाय-फाय पासवर्ड ओळखणे, कोणत्या फोनची माहिती कुठे पाठवायची ते ठरवणे आणि बाहेरून येणाऱ्या अनोळखी मागण्या दारातच अडवणे, ही सर्व कामे तोच करतो.

प्रोग्राम माणसांनी लिहिलेला असतो, म्हणून त्यात चुका राहतात. काही चुका अशा असतात की त्यांचा फायदा घेऊन बाहेरचा माणूस पासवर्ड नसतानाही आत शिरू शकतो. अशी चूक उघडकीस आली की कंपनी ती सुधारून फर्मवेअरची नवी आवृत्ती काढते. मोबाईल फोनवर असे अपडेट आल्याची सूचना आपोआप येते. राउटरच्या बाबतीत, विशेषतः काही वर्षांपूर्वी घेतलेल्या राउटरच्या बाबतीत, नवी आवृत्ती आली आहे का हे मालकालाच पाहावे लागते आणि भरण्याचे कामही त्यालाच करावे लागते.

न बदलल्यास नुकसान काय?

एक अलीकडचे उदाहरण घेऊ. टीपी-लिंक कंपनीच्या आर्चर एएक्स२१ या राउटरमधील एक त्रुटी डिसेंबर २०२२ मध्ये कॅनडातील टोरोंटो येथे झालेल्या प्वन-टू-ओन या स्पर्धेत तज्ज्ञांनी दाखवून दिली. कंपनीने मार्च २०२३ पर्यंत सुधारलेले फर्मवेअर काढले. एप्रिल २०२३ मध्ये हॅकर मंडळींनी त्याच त्रुटीचा वापर करून जुने फर्मवेअर असलेले राउटर ताब्यात घेण्यास सुरुवात केली. त्रुटी जाहीर झाल्याने चोरालाही ती कळली होती. ज्यांनी मार्चमध्ये फर्मवेअर बदलले त्यांना धक्का लागला नाही. ज्यांनी बदलले नाही त्यांच्यावर २०२४ मध्येही हल्ले चालूच होते. म्हणजे औषध बाजारात येऊनही रोग पसरत राहिला, कारण ते कुणी घेतलेच नाही.

राउटर ताब्यात घेऊन चोर करतो काय? एक मार्ग पैशाचा आहे. आपण बँकेच्या संकेतस्थळाचे नाव टाइप करतो, तेव्हा त्या नावाचा आकडी पत्ता शोधून देणारी एक यंत्रणा असते. तिला डीएनएस म्हणतात. ही एक प्रकारची टेलिफोन डिरेक्टरीच आहे. कोणती डिरेक्टरी वापरायची हे राउटरमध्ये लिहिलेले असते. ती नोंद बदलली की ग्राहक नाव बरोबर टाकतो, पण पोहोचतो भलत्याच ठिकाणी. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास सुमारे ४५ लाख मोडेममध्ये अशी नोंद बदलली गेली होती आणि लोकांना बनावट पानांवर नेले जात होते. त्यांच्या संगणकात काहीच बिघाड नव्हता. बिघाड भिंतीवरच्या पेटीत होता.

दुसरा मार्ग आमच्या मते अधिक गंभीर आहे. चोर आपला पत्ता भाड्याने देतो. इंटरनेटवर केलेल्या प्रत्येक व्यवहारामागे जोडणीचा एक आकडी पत्ता राहतो आणि तो पत्ता कुणाच्या नावावर होता हे सेवा देणाऱ्या कंपनीच्या नोंदीत असते. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने एनीप्रॉक्सी आणि फाइव्हसॉक्स या दोन सेवा बंद पाडल्या. कंपन्यांनी अपडेट देणे बंद केलेले जुने राउटर हॅक करायचे आणि त्यांच्यामार्फत इंटरनेट वापरण्याची सोय गिऱ्हाइकांना विकायची, हा त्यांचा धंदा होता. त्यासाठी महिन्याला सुमारे १० ते ११० डॉलर आकारले जात. गिऱ्हाईक जे काही करील त्यावर पत्ता मात्र राउटरच्या मालकाचा.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. फसवणूक दुसरा करील आणि चौकशी जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारी येईल. आपण निर्दोष असल्याचे पुढे सिद्ध होईलही. पण तोपर्यंत संगणक जप्त, धंदा ठप्प आणि मोहल्ल्यात चर्चा. व्यापाऱ्याची खरी पुंजी त्याचे नाव आणि त्याची पत असते. दीड-दोन हजारांच्या पेटीपायी ती पणाला लावणे शहाणपणाचे नाही.

आधी पाहा : पेटी कोणाची?

हल्ली फायबर जोडणीसोबत सेवा देणारी कंपनी स्वतःची पेटी देते. वाय-फायही त्याच पेटीतून मिळते. अशा पेटीचे फर्मवेअर बहुधा कंपनीच दुरून बदलते. त्यात आपण कुठून तरी फाइल आणून भरू नये. जोडणीच बंद पडण्याचा धोका असतो. आपले काम एवढेच की कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून फर्मवेअर अद्ययावत आहे का हे विचारावे, तक्रार क्रमांक लिहून घ्यावा आणि पेटी फार जुनी असेल तर बदलून मागावी.

आपण स्वतः दुकानातून विकत घेतलेला राउटर असेल तर मात्र जबाबदारी आपली. काही घरांत दोन्ही असतात. कंपनीची पेटी दाराशी आणि आपला राउटर आतल्या खोलीत. अशा वेळी दोन्हींचा विचार वेगवेगळा करावा. पुढील माहिती स्वतःच्या राउटरसाठी आहे.

पेटी बंद पडते ती तीन कारणांनी

फर्मवेअर बदलताना राउटर निकामी होतो ही भीती निराधार नाही. नवे फर्मवेअर भरताना जुना प्रोग्राम फ्लॅश मेमरीतून पुसला जातो आणि त्या जागी नवा लिहिला जातो. हे काम दोन ते पाच मिनिटे चालते. पुसून झाले पण लिहून झाले नाही अशा स्थितीत काम थांबले, तर पेटीत अर्धवट मजकूर उरतो आणि ती सुरू होत नाही. या धंद्यातले लोक मग राउटरची वीट झाली असे म्हणतात.

पण हे सहसा तीनच कारणांनी घडते. चुकीची फाइल, मध्येच गेलेली वीज आणि मालकाची घाई. तिन्ही टाळता येतात. पुढचे सर्व टप्पे या तीन गोष्टी टाळण्यासाठीच आहेत.

तयारी

१. लेबल वाचा. राउटर उलटा करा. खालच्या लेबलवर मॉडेलचे नाव आणि त्याशेजारी हार्डवेअरची आवृत्ती छापलेली असते. ही दुसरी गोष्ट बहुतेक जण वाचत नाहीत. एकाच नावाचा राउटर कंपनी अनेक वर्षे विकते आणि आतील चिप मात्र बदलत जाते. डी-लिंकचा डीआयआर-६१५ आपल्याकडे फार खपला. त्याच्या ए, बी, सी अशा कितीतरी हार्डवेअर आवृत्त्या निघाल्या. टीपी-लिंकच्या लेबलवर हीच गोष्ट व्ही२, व्ही३ अशी लिहिलेली असते. एका आवृत्तीचे फर्मवेअर दुसरीला चालत नाही. कोणत्या देशासाठीचा राउटर आहे तेही पाहावे. आखाती देशांतून नातेवाइकांनी आणलेल्या राउटरला भारताच्या पानावरील फाइल चालेलच असे नाही. लेबलचा फोटो काढून ठेवावा.

२. सध्याची आवृत्ती पाहा. संगणकाच्या ब्राउझरमध्ये राउटरचा आकडी पत्ता टाकावा. तो बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, टाइप करताना इंग्रजी अंक वापरावेत. यापैकी कोणताही चालला नाही तर फोनच्या वाय-फाय तपशिलात गेटवे या शब्दापुढे जो आकडा दिसतो तो आपला पत्ता. काही लेबलांवर आकड्याऐवजी नाव छापलेले असते, पण आकडाच बरा. २०१६ मध्ये टीपी-लिंकने अशाच एका नावाची नोंदणी वेळेत चालू ठेवली नाही आणि लाखो जुन्या लेबलांवर छापलेले ते नाव परक्याच्या हाती गेले होते. आत शिरल्यावर स्टेटस किंवा सिस्टीम टूल्स या भागात फर्मवेअरचा क्रमांक आणि तारीख मिळते. ती कागदावर उतरवून घ्यावी.

३. फाइल कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या. ब्राउझरमध्ये कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून सपोर्ट विभागात जावे, आपले मॉडेल आणि हार्डवेअर आवृत्ती निवडावी. शोधयंत्रात दिसलेली जाहिरात, टेलिग्रामवरील लिंक, मित्राने पेन ड्राइव्हवर दिलेली फाइल, यांपैकी काहीही वापरू नये. आपला राउटर जुना झाला आहे, येथे क्लिक करा, अशी पाटी एखाद्या वेबपानावर झळकली तर ती सरळ बंद करावी. राउटरची कंपनी असा निरोप वेबपानावर देत नाही.

४. सोबतची टीप वाचा. प्रत्येक फाइलसोबत कंपनी दोन-चार ओळी लिहिते. त्यात कधी सर्व सेटिंग पुसल्या जातील असे असते, कधी नंतर जुन्या आवृत्तीकडे परतता येणार नाही असे, तर कधी आधी मधली एक आवृत्ती भरावी लागेल असे. ही दोन मिनिटांची वाचणी पुढचे दोन तास वाचवते.

५. फाइल उघडून ठेवा. उतरवलेली फाइल बहुधा झिप स्वरूपात असते. ती उघडल्यावर आत बिन किंवा तत्सम शेवट असलेली फाइल मिळते. राउटरला ती द्यायची असते, झिप नव्हे. असुससारख्या कंपन्या फाइलसोबत एसएचए-२५६ नावाची लांबलचक खूण देतात. आपल्या संगणकाने काढलेली खूण आणि कंपनीने छापलेली खूण अक्षरशः जुळली, तर फाइल वाटेत बिघडलेली किंवा बदललेली नाही असे समजावे.

६. जुन्या सेटिंग उतरवून घ्या. बॅकअप या नावाचे बटण दाबले की सर्व सेटिंगची फाइल संगणकावर उतरते. तेवढ्यावर न थांबता महत्त्वाच्या गोष्टी वहीतही लिहाव्यात. सेवा देणाऱ्या कंपनीने दिलेले युजरनेम व पासवर्ड, वाय-फायचे नाव व पासवर्ड, कॅमेऱ्यासाठी केलेल्या खास नोंदी. यातला पहिला तपशील सर्वांत मोलाचा. तो नसेल तर रात्री अकरा वाजता नेटवाल्याला शोधत फिरावे लागते. बॅकअपच्या फाइलमध्ये पासवर्ड असतात, म्हणून ती कुणाला पाठवू नये.

७. विजेची व्यवस्था पाहा. आपल्याकडे हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. देखभालीसाठी आपल्या भागात आठवड्यातून ज्या दिवशी वीज बंद ठेवली जाते तो दिवस टाळावा. वादळी पावसाची रात्रही टाळावी. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस असेल तर उत्तम. मात्र तो आपल्या अडॅप्टरइतक्याच व्होल्टचा असावा. काही राउटर ९ व्होल्टचे असतात, काही १२ चे. घरात इन्व्हर्टर असेल तर एक परीक्षा आधीच करून पाहावी. मेन स्विच बंद करून राउटर क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होतो का ते बघावे. होत असेल तर तो इन्व्हर्टर या कामाला पुरेसा नाही. काही इन्व्हर्टरवर यूपीएस मोड असा खटका असतो. तो लावल्यास बदल अधिक झटपट होतो.

८. वेळ ठरवा. धंद्याची वेळ सोडून, दुकान बंद झाल्यावर किंवा सकाळी लवकर काम घ्यावे. घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे. मुलाचा क्लास किंवा परीक्षेचा फॉर्म भरायचा असेल तर तो आधी उरकून घ्यावा. जिवावर आलेले काम घाईत करण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी केलेले बरे.

प्रत्यक्ष काम

संगणक राउटरला लॅन केबलने जोडावा. वाय-फायवरून फाइल पाठवू नये, कारण लहर मध्येच तुटू शकते. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असावी आणि तो आपोआप झोपी जाणार नाही अशी सोय करावी. ब्राउझरमधील इतर पाने बंद करावीत. मग राउटरच्या पानावर फर्मवेअर अपग्रेड हा भाग उघडावा, फाइल निवडावी, मॉडेल आणि आवृत्ती लेबलच्या फोटोशी शेवटची एकदा ताडून पाहावी आणि बटण दाबावे.

यानंतर काहीही करायचे नाही. टक्केवारी एका जागी अडकल्यासारखी वाटेल, दिवे सगळे विझतील, पुन्हा लागतील, पान कोरे दिसेल. या सर्व गोष्टी नेहमीच्या आहेत. पान पुन्हा उघडणे, केबल काढणे, रिसेट दाबणे, वीज बंद करून पाहणे यांपैकी काहीही करू नये. पाच मिनिटांचे काम असले तरी घड्याळ लावून पंधरा मिनिटे थांबावे. पेट्या बिघडतात त्यांतल्या अनेक या थांबण्याच्या काळातच बिघडतात.

ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी कंपनीच्या मोबाईल ॲपमधून काम करावे. नव्या राउटरमध्ये ऑनलाइन अपडेटची सोय असते. त्यात पेटी स्वतःच योग्य फाइल आणते, त्यामुळे चुकीच्या फाइलचा धोका जवळपास उरत नाही. वीज आणि घाई हे दोन धोके मात्र तसेच राहतात. फोन राउटरजवळच ठेवावा.

अपडेट शोधा हे बटण दाबून तुमची आवृत्ती अद्ययावत आहे असे उत्तर आले, तरी वर्षातून दोनदा कंपनीच्या संकेतस्थळावरील क्रमांकाशी ते ताडून पाहावे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असुस कंपनीविरुद्ध केलेली तक्रार फेब्रुवारी २०१६ मध्ये तडजोडीने मिटली. त्या तक्रारीत एक आरोप हाच होता की नवे फर्मवेअर उपलब्ध असतानाही राउटरचे बटण ग्राहकांना सर्व काही अद्ययावत असल्याचे सांगत होते. त्या तडजोडीनुसार कंपनीला २० वर्षे स्वतंत्र तपासणी मान्य करावी लागली.

काम झाल्यावर

पुन्हा राउटरच्या पानावर जाऊन फर्मवेअरचा नवा क्रमांक पाहावा आणि वहीतल्या जुन्या क्रमांकाशी ताडावा. क्रमांक बदलला नसेल तर काम झालेले नाही, मग दिवे कितीही हिरवे असोत. त्यानंतर इंटरनेट, कॅमेरा, प्रिंटर आणि फोन एकेक करून तपासावेत.

हाच मुहूर्त साधून आणखी चार गोष्टी कराव्यात. राउटरच्या पानात शिरण्याचा पासवर्ड अजून ॲडमिन असाच असेल तर तो बदलावा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने जगभरातील लाखो उपकरणे काबीज केली, ती कंपनीने घालून दिलेल्या साठेक नेहमीच्या युजरनेम-पासवर्डच्या जोड्या वापरून. दुसरे, रिमोट मॅनेजमेंट बंद असल्याची खात्री करावी. आपल्या राउटरचे पान बाहेरगावाहून उघडण्याची गरज सहसा कुणाला नसते. तिसरे, डब्ल्यूपीएस बंद करावे आणि वाय-फायची सुरक्षा डब्ल्यूपीए३, ते नसल्यास डब्ल्यूपीए२ ठेवावी. चौथे, डीएनएसच्या रकान्यात आपण किंवा नेटवाल्याने न भरलेला अनोळखी आकडा आहे का ते पाहावे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. नवे फर्मवेअर बाहेरच्याला अडवते, पण आधीच आत शिरलेल्याला ते बाहेर काढीलच असे नाही. मे २०२५ मध्ये ग्रे-नॉइज या संस्थेने असुसचे हजारो राउटर दाखवून दिले. तेथे हॅकरने आपली चोरवाट सेटिंगमध्येच लिहून ठेवली होती आणि फर्मवेअर बदलल्यावरही ती तशीच राहत होती. तेव्हा राउटरमध्ये पूर्वी कुणी शिरले असावे असा संशय असेल, तर फर्मवेअर बदलल्यानंतर फॅक्टरी रिसेट करावा आणि जुन्या बॅकअपची फाइल परत न भरता वहीत पाहून सेटिंग हाताने भराव्यात. वही लिहिण्याचा आग्रह आम्ही यासाठीच धरला.

बिघडलेच तर

पंधरा-वीस मिनिटांनंतरही पान उघडत नसेल तर प्रथम ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा. अपडेटनंतर राउटरचा आकडी पत्ता बदललेला असू शकतो. मग राउटरची वीज एकदा काढून मिनिटभराने लावावी. तरीही उपयोग नसेल तर रिसेटचे बटण टाचणीने दहा सेकंद दाबून पाहावे.

एवढ्यानेही भागले नाही म्हणून पेटी भंगारात टाकू नये. फ्लॅश मेमरीच्या एका कोपऱ्यात बूटलोडर नावाचा एक लहान प्रोग्राम असतो. फर्मवेअर बदलताना त्याला सहसा हात लागत नाही. तो शाबूत असेल तर अनेक राउटर रिसेट दाबून धरून वीज लावली की तातडीच्या अवस्थेत सुरू होतात आणि तेथून योग्य फाइल पुन्हा भरता येते. असुस, डी-लिंक, टीपी-लिंक यांच्या कित्येक मॉडेलांत ही सोय आहे. पद्धत प्रत्येक मॉडेलची वेगळी असते आणि ती कंपनीच्या सपोर्ट पानावर मिळते. हे स्वतः जमणार नसेल तर हमीची मुदत पाहून अधिकृत सेवा केंद्रात न्यावे. खरेदीची पावती जपून ठेवण्याचा सल्ला आम्ही या पानावरून नेहमीच देतो, त्याचा उपयोग अशा वेळी होतो.

नवे फर्मवेअर येतच नसेल तर?

कंपनीच्या पानावर शेवटची फाइल पाच-सात वर्षांपूर्वीची असेल आणि मॉडेलपुढे सेवा समाप्त असा शेरा असेल, तर त्या राउटरच्या नव्या चुका आता कुणी सुधारणार नाही. मे २०२५ मध्ये एफबीआयने जे सावधगिरीचे पत्रक काढले त्यात लिंकसिसच्या ई१२००, ई२५०० यांसारख्या जुन्या मॉडेलांची नावे होती. चोरांना हवे असतात ते हेच राउटर. ते चालतात उत्तम, म्हणून मालक बदलत नाही, आणि दुरुस्ती कधीच येणार नसते.

ओपनडब्ल्यूआरटी नावाचे मोफत व खुले फर्मवेअर काही जुन्या राउटरवर चालते. ज्याला या कामाची माहिती आहे त्याने ते जरूर वापरावे. पण आपले मॉडेल आणि आवृत्ती त्यांच्या यादीत असेल तरच. फार कमी मेमरीच्या जुन्या पेट्यांना त्यांच्या नव्या आवृत्त्या चालत नाहीत. इतरांनी नवा राउटर घ्यावा हेच बरे. घेताना अँटेना मोजण्यापेक्षा दुकानदाराला दोन गोष्टी विचाराव्यात. याला अपडेट आपोआप येतात का, आणि कंपनी किती वर्षे देणार आहे? अनेक नवे राउटर पहाटे ३ ते ५ च्या दरम्यान स्वतःच अपडेट होतात. अशा राउटरची वीज रात्री झोपताना बंद करण्याची सवय असेल तर ही सोय वाया जाते, एवढे लक्षात ठेवावे. जुना राउटर भंगारवाल्याला देण्यापूर्वी फॅक्टरी रिसेट करावा. आपले पासवर्ड त्याच्यासोबत जाता कामा नयेत.

पैशाची फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक असते. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचे सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून आहे. उपकरणांतील घातक प्रोग्राम काढण्याची साधने तेथे मोफत मिळतात.

सारांश

सर्व काम अर्ध्या-पाऊण तासाचे आहे आणि त्यातला बराचसा वेळ तयारीचा. लेबल वाचून योग्य फाइल, विजेची खात्री आणि पंधरा मिनिटांचा धीर, या तीन गोष्टी सांभाळल्या तर पेटी बंद पडण्याचे फारसे कारण उरत नाही. वहीच्या पहिल्या पानावर फर्मवेअरचा क्रमांक आणि बदलल्याची तारीख लिहून ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी, वीजबिलाचा किंवा जीएसटीचा हिशेब करताना, एकदा कंपनीचे पान पाहावे. घरातील दहावी-बारावीच्या मुला-मुलींना हे काम शिकवून ठेवावे. ती ते आपल्यापेक्षा लवकर शिकतात. धीर धरायला मात्र आपण शेजारी बसावे.